एकच बटाटा

सकाळचे नऊ वाजून गेले तरी
खिडकीत उजाडलेलं नाही.
उजाडेल.
त्याला घाई नाही, मला तर नाहीच.

एकतीस वर्षं मी कॅइनाच्या शाळेत स्वयंपाक केला.
एकशे सत्तर मुलं, वर मास्तर,
आणि तपासणीला कुणी आलं की त्यांचे ड्रायव्हर.
पहाटे पाचला दिवा, साडेपाचला पाण्याला आधण.
हिवाळा मी त्या काळात पाहिला तो
वाफेनं आंधळ्या झालेल्या एका काचेतून,
तोही पुसायला कधी हात मोकळा नसे.

आता एक बटाटा.
टोपलीत हात घालून सावकाश निवडते,
स्थळ बघितल्यासारखा उलटासुलटा करून.
साल एका लांब फितीत निघावं
म्हणून सुरी उचलत नाही.
तुटलं तर तुटलं.

हीउमा बेटावर डिसेंबरात
दिवस पाहुण्यासारखा येतो,
कोट न काढता खुर्चीच्या कडेवर बसतो
आणि लगेच निघतो म्हणतो.
पूर्वी मी त्याला थांब म्हणायचे.
आता म्हणते, बरं, जपून जा.

भट्टीत बर्चचे दोन ओंडके घातलेत.
तिसरा हातात धरून बसले आहे केव्हाची,
घालावा की राहू द्यावा.
सालीचा पांढरा पापुद्रा नखानं सोलते,
त्याच्या आत आणखी एक, त्याच्या आत आणखी.
असल्या कामाचे कुणी मला कधी
पगार दिले नाहीत.

आर्वो गेला त्याला अकरा हिवाळे झाले.
पहिले चार मी काढले.
नंतरचे, खरं सांगायचं तर, मजेत गेले.
हे मी कुणाला सांगितलेलं नाही.

बाराला हेल्गीचा फोन, तार्तूहून.
आई, एकटी काय करतेस तिथं?
ये इकडे, मागची खोली रिकामीच आहे.
मी बघते खिडकीतून :
एंडेलचा ट्रॅक्टर मघाशीच फिरून गेला,
दोन्ही कडांना बर्फाचे बांध,
मधे रस्ता काळाभोर, बंदरापर्यंत मोकळा.

"रस्ता बंद आहे गं," मी म्हणते.
"आणि फेरीचं काही खरं नाही."

इतकं अलगद निघालं ते तोंडातून
जसं उकडलेल्या बटाट्याचं साल.

"मग जेवलीस काय?"
"बटाटा."
"आणि?"
"मीठ. लोणी. वाळवलेला शेपू."
तिकडून एक उसासा येतो.
ओळखीचा आहे मला तो,
माझ्याच घरातून गेलाय तिच्याकडे.

फोन ठेवल्यावर घर पुन्हा
आपापल्या जागी बसतं.
घड्याळ. भट्टीतली कुरकुर.
छपरावरून बर्फाचा एक थर घसरतो, धप्प,
आणि त्यानंतरची शांतता
आधीच्या शांततेपेक्षा थोडी जाड असते.
हा फरक कळायला
मला अडुसष्ट वर्षं लागली.

तीन वाजता दारावर थाप.
एंडेल. दोनदाच वाजवतो, नेहमीसारखा.
मी खुर्चीत तशीच, मांडीवर तिसरा ओंडका.
धुराड्यातून धूर चाललाय,
म्हणजे मी घरात आहे हे त्याला कळतं.
मला उठायचं नाही हेही.
कडीला काहीतरी अडकवल्याचा आवाज,
मग बर्फातून त्याचे बूट,
करकर, करकर, आणखी थोडी, मग नाही.

भला माणूस.
बोलतो मात्र फार.

अंधार पडल्यावर दार किलकिलं करते.
वर्तमानपत्रात गुंडाळलेला धुरावलेला मासा,
अजून कोमट.
उंबऱ्याबाहेर त्याची पावलं, येतानाची, जातानाची,
आणि त्यांच्यावर पडायला लागलेला
नवा भुरभुरता बर्फ.
उद्या कदाचित रस्ता खरंच बंद होईल.
झाला तर बरं,
हेल्गीशी खोटं बोलल्याचं पाप तेवढं फिटेल.

मासा फळीवर ठेवते.
टोपलीकडे बघते.
एवढ्या माशाला एक काही पुरायचा नाही,
उद्या दोन बटाटे.
दुसराही माझाच.